बघे आणि गिऱ्हाइके

२०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक बिल गेट्स यांनी इन्स्टाग्रामवर एक लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत ते एका चहाच्या गाडीपुढे उभे राहून चहा मागतात आणि गाडीवाला दूध उंचावरून ओतीत, आपल्या नेहमीच्या थाटात, तो त्यांना करून देतो. हा गाडीवाला नागपूरचा. सदर भागात जुन्या व्हीसीए मैदानाच्या परिसरात चहा विकणारे सुनील पाटील हे ‘डॉली चहावाला’ या नावाने तोपर्यंत देशातील तरुणांना ठाऊक झालेलेच होते; या चित्रफितीने ते देशाबाहेरही ठाऊक झाले. चित्रण नागपुरात झाले नव्हते, हैदराबादेत झाले होते. आणि समोरचा पाहुणा कोण आहे हे आपणांस त्या वेळी ठाऊक नव्हते, असे पाटील यांनी नंतर वार्ताहरांना सांगितले.

या प्रकरणी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन प्रकारचे सूर उमटले. एक हेटाळणीचा: केस रंगवून, हातवारे करून चहा विकणे यात कसले कर्तृत्व? दुसरा वैफल्याचा: पदव्या घेऊन आम्हांस कारकुनी मिळेना आणि हा पाहा कोठे पोहोचला! शिक्षकांच्या खोलीत हा दुसरा सूर अधिक ऐकू येतो, कारण वर्गातील मुले तोच प्रश्न गुरुजींना विचारतात. वास्तविक दोन्ही सूर एकाच माणसाकडे पाहून काढलेले आहेत. ज्याला नागपुरात ठेला म्हणतात, तो चालवून संसार करणारी इतर जी कुटुंबे आहेत, त्यांना या नव्या प्रसिद्धीचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांत कोणी विचारलेला दिसत नाही.

तर्री पोह्याचा ठेला घ्या. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला काय किंवा अन्य कोठे काय, या धंद्याचे गणित सकाळच्या दोन-तीन तासांत संपते. पहाटे हरभरे शिजवून तर्री चढवावयाची, पोहे भिजवावयाचे, कांदा चिरावयाचा. पातेल्यात मावेल तेवढीच तर्री आणि दोन हातांना वाढता येतील तेवढ्याच बशा. त्या बशा कोण घेतो? कचेरीत जाता जाता सायकल किंवा स्कूटर कडेला लावणारा कारकून, शिकवणीहून परतणारी मुले, पाळी संपवून आलेला कामगार. यांपैकी बहुतेक आठवड्यातून चारदा येतात. कोणाला तर्री जास्त लागते, कोणाला वरून शेव नको, कोणाचे पैसे एक तारखेला येतात, हे ठेलेवाल्याच्या डोक्यात असते. त्याची सारी मालमत्ता म्हणजे ही ओळख आणि चाकांखालची चार हात जागा.

आता समाजमाध्यमाचा व्यवहार पाहा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे ‘रील्स’ आणल्या. या लघुचित्रफितींचे वैशिष्ट्य असे, की त्या ओळखीच्यांपुरत्या राहत नाहीत. जो अनोळखी माणूस जितका वेळ पाहत राहील, त्या प्रमाणात त्या आणखी अनोळखी माणसांपुढे ठेवल्या जातात. पाहणारा पाटण्यात आहे की प्रतापनगरात, याने ठेल्याच्या विक्रीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. चित्रफितीच्या आकड्यात काहीच पडत नाही. शिवाय पाहत राहावे असे काही घडावयास हवे. म्हणून मग लोण्याचे गोळे, चीजचे डोंगर, कढईतून उठणाऱ्या ज्वाळा. रोज तीच चव, तोच भाव आणि तीच वेळ हा चांगल्या पोह्याच्या ठेल्याचा मुख्य गुण. तो चित्रफितीत दाखविता येत नाही. डॉलींनी जे ओळखले ते हेच असावे. चहा सगळेच करतात. पाहण्याजोगे चहा करणे त्यांनी धंद्याचा भाग केला आणि त्यावर मेहनत घेतली. २०२५ साली त्यांनी आपल्या नावाच्या गाड्या व दुकाने इतरांना चालवावयास देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा तिच्यातील सर्वांत लहान गाडीसाठीही काही लाख रुपये मागितले होते. म्हणजे विकावयाची वस्तू आता नाव ही झाली. त्यात गैर काही नाही. परंतु पोह्याच्या ठेल्याचा धंदा तो नव्हे.

गर्दी अकस्मात आली म्हणजे काय होते, याचे उदाहरण हैदराबादेतच, गेट्स यांच्या चित्रफितीच्या जेमतेम महिनाभर आधी घडले होते. माधापूर भागात रस्त्याच्या कडेला भात आणि मांसाहारी पदार्थांची थाळी विकणाऱ्या ‘कुमारी आंटी’ एका गिऱ्हाइकाच्या बिलाविषयीच्या चित्रफितीमुळे घरोघर पोहोचल्या. जेवणाऱ्यांपेक्षा छायाचित्रण करणारे अधिक जमू लागले, वाहने अडू लागली, आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस वाहतूक पोलिसांनी त्यांची गाडी तेथून हलविण्यास सांगितले. प्रकरण गाजल्यावर मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी हस्तक्षेप केला आणि गाडी पूर्वीच्या जागी राहिली. शेवट गोड झाला म्हणावयाचे. परंतु जिची चित्रफीत गाजली नाही आणि गाडी मात्र उचलली गेली, अशा बाईने कोणत्या मुख्यमंत्र्यांकडे जावे?

दिल्लीच्या मालवीय नगरातील ‘बाबा का ढाबा’ची कथाही वाचकांच्या स्मरणात असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये एका वृद्ध दांपत्याच्या डोळ्यांतील अश्रूंची चित्रफीत पसरली, दुसऱ्या दिवशी रांग लागली, देणग्या आल्या. पाठोपाठ त्या देणग्यांवरून चित्रफीतकर्त्याशी वाद होऊन प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. डिसेंबरात या दांपत्याने उपाहारगृह थाटले. महिन्याचा खर्च लाखाच्या घरात आणि विक्री त्याच्या निम्मीही नाही, अशी स्थिती होऊन काही महिन्यांतच ते बंद पडले आणि दोघे पुन्हा जुन्या ढाब्यावर आले. बघ्यांच्या संख्येवर भाडे, पगार आणि किराणा यांचा अंदाज बांधला, की हिशेब असा चुकतो.

याचा अर्थ ठेलेवाल्याने फोन बाजूस ठेवावा असा नाही. उलट त्याचा सर्वांत किफायतशीर उपयोग अगदी साधा आहे आणि अनेक जण तो मुकाट्याने करीतही असतात. व्हॉट्सअॅपवर सकाळी चार शब्द टाकावयाचे: आज पाटोडी-रस्सा आहे, उद्या सुट्टी, पावसामुळे गाडी पलीकडच्या कोपऱ्यावर. हे वाचणारे दोनशेच असतील, परंतु त्यांतले पन्नास येतात. नकाशावर ठेल्याचे नाव आणि वेळ नोंदविणे हेही त्यातलेच. वाणिज्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना दरवर्षी कसले ना कसले प्रकल्प लिहावे लागतात. त्यांनी आपल्या गल्लीतील एका ठेल्याची अशी नोंद करून द्यावी आणि अन्न सुरक्षेची नोंदणी करून घेण्यास मदत करावी. मोफत बशी खाऊन रील काढण्यापेक्षा ठेल्याला त्याचा लाभ अधिक होईल.

मात्र पत्ता कळविण्यापूर्वी पत्ता असावा लागतो. रस्त्यावर विक्री करणे हा नागरिकाचा, वाजवी निर्बंधांच्या अधीन, व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदानसिंग खटल्यात मान्य केले. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदाही केला. दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण, पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र, ज्या नगर समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले असतील अशी समिती, आणि हटविण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस: कायद्यात हे सारे आहे. तथापि सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील फेरीवाल्यांचा प्रश्न महापालिका, दुकानदार आणि न्यायालय यांच्यामध्ये वर्षानुवर्षे हेलकावे खात आला आहे, हे नागपूरकरांना निराळे सांगावयास नको.

सरकारचा उत्साह दिसतो तो फोनच्या बाजूने. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेत पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. २०२५ साली ते १५,००० झाले आणि योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. फोनवरून पैसे स्वीकारणाऱ्यास बक्षिसी मिळते. योजना उपयुक्त आहे. परंतु जो चौकोनी ठिपक्यांचा कागद बँकेने गाडीवर चिकटविला, त्याच्या शेजारी जागेचे प्रमाणपत्र लावता येईल काय, असे विचारले तर पुष्कळ ठेलेवाले नुसते हसतात. नागपूर महापालिकेने प्रभागवार विक्री-क्षेत्रे आणि प्रमाणपत्रधारकांची यादी सर्वांना पाहता येईल अशी आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, आणि प्रत्येक गाडीला एक ठळक क्रमांक द्यावा. मग फुटाळ्यावरच्या चित्रफितीखाली तोच क्रमांक लिहिता येईल, आणि गर्दी झाली म्हणून गाडी उचलावयास आलेल्या शिपायालाही तो आधी वाचावा लागेल.