प्रशिक्षणवर्गाचे मुखपृष्ठ कसे मांडावे?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील स्वयंसेविका ताईंसाठी मी वसईतून ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग तयार करतो. ताई तो लहान मोबाइलवर, अपुऱ्या नेटवर्कमध्ये उघडतात. मुखपृष्ठ समजले नाही, तर पुढचा धडा उघडलाच जात नाही.

आम्ही २००२ पासून मोफत उपलब्ध असलेली मूडल प्रणाली वापरतो. तिच्या सेटिंगमध्ये चित्र आणि सारांश यांच्या जागा वेगळ्या आहेत. चित्रावर अक्षरे लिहू नयेत. मोबाइलवर कडा कापल्या जातात. सारांशात तीनच ओळी लिहाव्यात : विषय काय, वेळ किती, सुरुवात कुठून. मूडलच्या अ‍ॅपमध्ये धडे उतरवून नेटवर्कविना वाचता येतात, हेही तिथेच सांगावे. चित्र हलके असावे, म्हणजे लवकर उघडते.

चित्र म्हटले की वारली कला सुचते. पण पालघट देवीचा चौक सवाशिणी लग्नविधीसाठी लिहितात. तो शोभेसाठी घेऊ नये. भातलावणी किंवा तारपानाच घ्यावा, तोही ताईंना विचारूनच. पान त्यांचे आहे. पसंतीही त्यांचीच हवी.