मूल बोलत नाही? ‘बोलेल गं’ म्हणून वर्ष घालवू नका



मागच्या अंकात आपण कर्जफेडीच्या नोंदवहीबद्दल वाचलं. या वेळी विषय घरातला आहे. गावोगावच्या बैठकांत एक वाक्य हमखास कानावर येतं: “अगं, बोलेल की! त्याचा बापसुद्धा उशिराच बोलायला लागला.” पुष्कळदा तसं होतंही. पण काही मुलांच्या बाबतीत या एका वाक्यावर दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि नेमकी तीच वर्षं शिकायला सगळ्यात चांगली असतात.

ऑटिझम म्हणजे काय?

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मेंदूची वाढच थोडी वेगळ्या पद्धतीने होते. त्यामुळे मुलाला बोलणं, नजरेला नजर देणं, इतरांसोबत खेळणं अवघड जातं. हा वेडेपणा नाही, कुणाची नजर लागलेली नाही आणि आईच्या संगोपनात काही चुकलं म्हणूनही हे होत नाही. आई कामाला जाते म्हणून मूल असं झालं, असं सासरचं कुणी म्हणालं तर हा लेख त्यांनाही वाचून दाखवा.

लक्ष कधी द्यायचं?

- वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही.
- वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही.
- सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नाही.
- येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं अचानक बंद झालं. हे कोणत्याही वयात झालं तरी लगेच दाखवा.

शिवाय काही मुलं गाडीचं एकच चाक तासन् तास फिरवतात, किंवा पाणी हवं असेल तर न बोलता आपला हात धरून माठाकडे ओढतात. यातलं एखादंच दिसलं म्हणजे ऑटिझम झाला असं नाही. पण तपासणी करायलाच हवी.

वर्तन उपचार म्हणजे नक्की काय करतात?

ऑटिझम ‘घालवणारं’ औषध नाही. मुलाला कौशल्यं शिकवता येतात. मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, मदत करायची, जमलं की लगेच शाबासकी द्यायची आणि हळूहळू मदत कमी करायची, ही त्याची पद्धत.

माठाचंच उदाहरण घ्या. मूल हात ओढतंय. तुम्ही त्याच्या उंचीला बसा, पेला समोर धरा आणि मनात पाचपर्यंत मोजा. त्याने काहीच केलं नाही तर त्याचं बोट अलगद धरून पेल्याकडे दाखवा, ‘पाणी’ म्हणा आणि त्याच क्षणी पाणी द्या. काही दिवसांनी फक्त कोपराला हात लावा. मग नुसतं थांबा. एके दिवशी तो स्वतः बोट दाखवेल. शब्द पुढे येईल किंवा यायला वेळ लागेल, पण मागायचं कसं हे त्याला कळलेलं असेल. पाणी कधीच अडवून ठेवायचं नाही. थांबायचं ते काही क्षणच.

रडारड, डोकं आपटणं यालाही हीच नजर लावायची: आधी काय घडलं आणि नंतर त्याला काय मिळालं? मिक्सर लावल्यावर किंचाळत असेल तर त्याला आवाज सहन होत नाही. मग मिक्सर लावताना त्याला दुसऱ्या खोलीत न्या. मोबाईलसाठी किंचाळतो आणि दर वेळी मोबाईल मिळतो, तर किंचाळल्यावर मिळतं हे तो शिकला. तिथे मागायची दुसरी पद्धत शिकवावी लागते. मारून यातलं काहीच शिकवता येत नाही.

आपल्यासारख्यांना जमेल का?

अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आठवड्याला 20 तास, दोन वर्षं प्रशिक्षित माणसांकडून उपचार दिले गेले. मुलांच्या समजेत आणि भाषेत चांगली प्रगती दिसली. पण मुरबाड-शहापूरच्या बाईने भातलावणी सोडून 20 तास आणायचे कुठून?

याचं उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळतं. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यात, आणि त्याच वेळी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत, 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांबरोबर अभ्यास केला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी जाणारे कार्यकर्ते डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई आणि मूल खेळतात त्याचा ते व्हिडिओ काढायचे, मग आईसोबत बसून तो बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो आवाज करून बोलला. ज्या घरांत हे झालं तिथे पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. मुलं ‘बरी झाली’ असा दावा त्यांनी केला नाही. पण आईच्या हातात बरंच काही आहे, हे दिसलं.

म्हणून वेगळा तास काढता आला नाही तरी जेवण, आंघोळ, कपडे घालणं, झोपवणं या वेळा वापरा. वडील, आजी, मोठी बहीण सगळ्यांनी एकाच पद्धतीने केलं तर मूल लवकर शिकतं.

जायचं कुठे?

पहिली पायरी अंगणवाडी ताई आणि आशाताई. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 ला पालघरमध्ये झाली, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ऑटिझम त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देऊ शकतं. पथकाची वाट बघायची नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय इथे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

कानाची तपासणी नक्की करा, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्या-बोलण्याची तपासणी होते. कल्याणहून दादरला गाडी बदलून जाता येतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

कर्ज काढण्याआधी

हे मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे. मुलासाठी आई गटातून कर्ज उचलते, मंगळसूत्र गहाण ठेवते. पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा:

1. येत्या तीन महिन्यांत काय शिकवणार, हे लिहून देता का?
2. मला आत बसू देता का, घरी काय करायचं ते शिकवता का?
3. मुलाला मारणं, बांधणं, कोंडणं होत नाही ना?
4. ‘शंभर टक्के बरा करतो’ असं म्हणता का? या प्रश्नाला ‘हो’ आलं तर उठून या.

लाखो रुपयांच्या स्टेम सेल उपचाराची जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ऑटिझमसाठी त्याची शिफारस केलेली नाही.

तायांनो, पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं या विषयाला द्या. वरची चार लक्षणं मोठ्याने वाचा. कुणाच्या मनात शंका असेल तर ती सगळ्यांसमोर बोलणार नाही, म्हणून नंतर तिच्या घरी जा. तपासणीला तिच्यासोबत गटातली एक जण गेली तर ती अर्ध्या वाटेतून परत फिरणार नाही.

— तुमची क्षेत्र समन्वयक