साखरांब्यातील साखर कशासाठी

साखरांबा कैरीच्या किसाचा, तर मोरांबा फोडींचा. साखरेऐवजी गूळ घातला की त्याचा गुळांबा होतो आणि मेथीची फोडणी पडली की मेथांबा. मोरांबा किंवा मुरंबा हा शब्द मात्र आंब्यावरून आलेला नाही. त्याचे मूळ अरबी ‘मुरब्बा’ या शब्दात आहे. मराठीत त्याला आंब्याचा नाद चिकटला आणि पुढे त्याच वळणावर आवळ्याचा मोरावळा झाला. नावे वेगळी असली तरी या सगळ्यांमागचे तत्त्व एकच आहे: मोसमात मिळणारे आंबट फळ साखरेच्या साहाय्याने मोसमापलीकडे टिकवणे.

कैरी चैत्र-वैशाखात भरते. साखरांब्यासाठी बाठ टणक झालेली, पण गर पांढरट आणि आंबटच राहिलेली कैरी लागते. अगदी कोवळी कैरी तुरट लागते. पाडाला आलेल्या कैरीतील आम्ल कमी झालेले असते आणि पाकाला दाटपणा देणारे पेक्टिनही उतरणीला लागलेले असते. राजापुरीसारख्या मोठ्या, गरदार कैऱ्यांचा कीस लांब आणि भरपूर पडतो. तोतापुरी कमी आंबट असल्याने तिला लिंबाच्या रसाची जोड द्यावी लागते.

साखर किती घालायची, हा या पदार्थातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो केवळ चवीचा नाही. बुरशी, यीस्ट आणि जिवाणू यांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. साखर ते पाणी बांधून ठेवते. साखरेचे प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक सूक्ष्मजीवांना तेथे तग धरता येत नाही. आता घरचे प्रमाण पाहावे. कैरीत सुमारे 87 टक्के पाणी असते. एक किलो किसात दीड किलो साखर घातली, तर अडीच किलो मिश्रणात साखर आणि फळातील घन पदार्थ मिळून जवळपास 65 टक्के भरतात. म्हणजे ‘किसाच्या दीडपट साखर’ हे पिढ्यानपिढ्या चालत आलेले प्रमाण नेमके सुरक्षित मर्यादेवर येऊन थांबते. वजनकाटा आणि रसायनशास्त्र हाताशी नसताना अनुभवातून ते गाठले गेले, ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. साखर किसाइतकीच घेतली, तर त्याच मर्यादेला पोचण्यासाठी सुमारे पाव किलो पाणी आटवावे लागते. निम्मी घेतली, तर अर्धा किलोहून जास्त. इतक्या वेळ शिजून कीस विरघळतो, रंग काळवंडतो आणि हाती लागतो तो गोळा. हे प्रमाण वजनाचे आहे, हे लक्षात ठेवावे. साखरेची वाटी सैल भरलेल्या किसाच्या वाटीपेक्षा बरीच जड असते.

कैऱ्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून, साल काढून किसतात. कीस आधी थोडा वाफवून घ्यावा. कच्च्या किसावर एकदम साखर पडली, तर ती त्यातील पाणी ओढून घेते आणि किसाचे धागे चिवट होतात. पुढे कितीही शिजवले तरी ते मऊ पडत नाहीत. वाफवलेल्या किसात साखर मिसळून ती विरघळेपर्यंत पातेले बाजूला ठेवावे, मग मंद आचेवर चढवावे. पातेले स्टीलचे हवे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कैरीचे आम्ल धातूवर चढते आणि पदार्थ कळकतो. लवंगा शिजतानाच घालतात. वेलची आणि केशर उतरवताना.

पाक एकतारीच्या पुढे जाऊ लागला की आच बंद करावी. साखरेचे प्रमाण वाढते तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो आणि समुद्रसपाटीला तो 105 अंश सेल्सिअसजवळ पोचला की काम झालेले असते. पुण्यात मात्र पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे तेथे हा आकडाही दोनेक अंशांनी खाली येतो. अंगठा आणि तर्जनी यांतील तार उंचीप्रमाणे फसवत नाही. थंड ताटलीवर टाकलेला थेंब न पसरता जागीच राहतो का, हेही पाहता येते. गरम साखरांबा थोडा सैलच दिसतो, निवल्यावर आळतो.

पाक जास्त झाला किंवा फळ पुरेसे आंबट नसले, तर काही दिवसांनी बरणीत साखर धरते. आम्ल आणि उष्णता यांमुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि अशा मिश्रणात स्फटिक सहजी बनत नाहीत. म्हणून थोडे पाणी आणि लिंबाचा रस घालून एक उकळी दिली की बिघडलेला पाक सुधारतो. गुळात अशा फुटलेल्या शर्करा आधीच असतात. गुळांबा त्यामुळे सहसा साखर धरत नाही, पण हवेतील ओलावा मात्र लवकर ओढतो.

साखरांबा पूर्ण निवल्याशिवाय बरणीवर झाकण घालू नये. वाफेचे झाकणाखाली पाणी होऊन पृष्ठभागावर थेंब पडतात, तेवढ्याच थरातील पाक पातळ होतो आणि बुरशी तेथूनच सुरू होते. तोपर्यंत बरणीच्या तोंडाला कोरडा दादरा बांधावा.

मोरावळ्याला अधिक सबुरी लागते. आवळे काट्याने टोचून, तुरटीच्या पाण्यात ठेवून, स्वच्छ धुऊन वाफवतात. तुरटीमुळे फळ घट्ट राहते आणि तुरटपणाही उतरतो. असे आवळे एकदम दाट पाकात टाकले, तर आतले पाणी झपाट्याने बाहेर येऊन ते सुरकुततात. म्हणून सुरुवातीचा पाक पातळ ठेवतात. दोन-तीन दिवसांत आवळ्याचे पाणी सुटून तो आणखी पातळ होतो. मग आवळे काढून पाक आटवायचा आणि पुन्हा त्यात सोडायचे. असे दोन-तीनदा केल्यावर साखर गाभ्यापर्यंत मुरते.

कमी साखरेत फळे हलकी शिजवून लगेच खायची असतील, तर तो फ्रेंच कॉम्पोटसारखा वेगळाच पदार्थ होतो. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी, अननस, जांभूळ यांचा तो उत्तम होतो. फळाच्या पाव भाग साखर, थोडा लिंबाचा रस आणि दहा मिनिटांची मंद आच एवढे त्याला पुरते. साखर येथे फक्त गोडीपुरती असते, टिकवण्याचे काम ती करत नाही. तो फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावा, अधिक काळ हवा असल्यास फ्रीझरमध्ये गोठवावा. बरणीत भरून फडताळात ठेवू नये.