कृत्तिकांतील धाकट्या ताऱ्यांची गिरकी

कार्तिकात संध्याकाळी मनोरीच्या खाडीकाठी उभे राहिले, की पलीकडे मालाडच्या दिव्यांवर कृत्तिकांचा झुबका वर येतो. नुसत्या डोळ्यांना त्यात सहा तारे दिसतात. प्रत्यक्षात तेथे हजारावर तारे आहेत आणि ते सारे सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी एकाच मेघातून जन्मले. आज बोलावयाचे आहे ते त्यांतल्या न दिसणाऱ्या धाकट्यांविषयी, म्हणजे सूर्याएवढ्या व त्याहून पुष्कळ हलक्या ताऱ्यांविषयी. ते स्वतःभोवती किती वेगाने फिरतात?

कारखान्यात फिरत्या पुलीवर खडूची रेघ ओढून फेरे मोजण्याची एक जुनी युक्ती आहे. ताऱ्यावर ही रेघ निसर्गानेच ओढलेली असते. सूर्यावर डाग असतात तसे या ताऱ्यांवरही असतात, आणि बरेच मोठे. डागाळलेली बाजू समोर आली की तेज किंचित उतरते, फिरून गेली की पुन्हा चढते. दोन उतारांमधला काळ म्हणजे एक गिरकी. जमिनीवरून पाहताना दिवस आडवा येतो, ढग आडवे येतात. २०१५ साली केप्लर या अवकाश-दुर्बिणीने कृत्तिकांकडे सत्तर दिवस एकटक पाहिले, आणि साडेसातशेहून अधिक ताऱ्यांच्या गिरक्या हाती आल्या.

तारा जन्मतो तेव्हा तो आकसत असतो. गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी घेतले की वेग वाढतो, तसाच त्याचाही वाढतो. पुढे मात्र ब्रेक लागतो. ताऱ्यापासून सतत वारा वाहत असतो. ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र त्या वाऱ्याला दूरवर आपल्याबरोबर फरफटत नेते, आणि त्यात गिरकी खर्ची पडते. कृत्तिकांतले सूर्यासारखे तारे चार-पाच दिवसांत एक फेरा घेतात, तर ४६० कोटी वर्षांच्या आपल्या सूर्याला सुमारे पंचवीस दिवस लागतात. वय चौपट झाले की वेग निम्मा, हा हिशेब अँड्र्यू स्कुमानिच यांनी १९७२ साली मांडला. ताऱ्याला जन्मपत्रिका नसते. या हिशेबाने ती मिळाल्यासारखे झाले.

पण मोठ्या कारखान्यात झालेला करार लहान शेडमध्ये लागू पडत नाही, हे आमच्या कामातले जुने दुखणे. येथेही तेच. सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून हलके तारे फार सावकाश आकसतात आणि त्यांचा ब्रेकही उशिरा लागतो. कृत्तिकांत त्यांतले बहुतेक दिवसभराच्या आतच फेरा पुरा करतात. पुष्य नक्षत्रातला पुंजका साठ-सत्तर कोटी वर्षांचा; तेथेही असे कित्येक हलके तारे दोन-तीन दिवसांत फिरताना आढळतात.

याने काय बिघडते? ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक तारा चाळीस प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. त्याची गिरकी ३.३ दिवसांची. सूर्याचा हिशेब लावला, तर त्याचे वय आठ कोटी वर्षे निघते, म्हणजे ग्रह अगदी तान्हे! इतर खुणांवरून मात्र ते पाचशे कोटींहून जास्त असावे असा अंदाज आहे. तेथे जीवसृष्टीला वेळ मिळाला की नाही, हे या फरकावर अवलंबून आहे. म्हणून वय ठाऊक असलेल्या एकेका पुंजक्यातले हे मंद तारे मोजावे लागतात.

कृत्तिका सध्या सूर्याजवळ असल्याने दिसणार नाहीत. पुष्यातला पुंजका मात्र व्याख्यान संपल्यावर पश्चिमेकडे बराच उंच असेल. किनाऱ्यावर अंधारात जा, आणि साधी दुर्बीण असली तर बरोबर घ्या.