भारतातून आल्याचं आपणहून सांगा

परमुलखातलं आरोग्य : साधा मूत्रसंसर्ग

मागच्या आठवड्यात घसादुखीबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय लघवीची जळजळ. आपल्याकडच्या आज्या ‘उन्हाळी लागली’ म्हणत आणि धने-जिऱ्याचं पाणी पाजत. निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला ई. कोलाय हा जंतू मूत्राशयात शिरलेला असतो. वारंवार जावं लागतं, थोडीच होते, शेवटी आग होते, ओटीपोट दुखतं. ताप नाही, पाठ दुखत नाही, पोटात बाळ नाही, एरवी प्रकृती ठीक आहे, अशा बाईच्या या दुखण्याला डॉक्टर ‘साधा’ मूत्रसंसर्ग म्हणतात. ज्या बाईला तो होतो तिची रात्र साधी जात नाही, हेही खरं.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहणाऱ्यांना या दुखण्यावर उपचार मिळवणं फार सोपं आहे, आणि त्यामागे इथलाच इतिहास आहे. हा आजार डॉक्टरच्या खोलीबाहेर बरा करण्याचे प्रयोग मिनीॲपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात लवकर झाले. हेल्थपार्टनर्स या संस्थेने १९९०च्या दशकातच त्यासाठी ठरावीक पद्धत आखली आणि तिचा रुग्णांवर व खर्चावर काय परिणाम झाला याचा अभ्यास १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. २०००मध्ये क्विकमेडएक्स नावाचे छोटे दवाखाने थेट कब फूड्सच्या दुकानांत उघडले. कब तेव्हा सुपरव्हॅल्यू कंपनीचं होतं आणि सुपरव्हॅल्यूचं मुख्यालय ईडन प्रेरीतच होतं. त्या दवाखान्यांचं पुढे मिनिटक्लिनिक झालं, २००६मध्ये ते सीव्हीएसने घेतलं. २०१०मध्ये हेल्थपार्टनर्सने व्हर्च्युवेल सुरू केलं : घरी बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची, नर्स प्रॅक्टिशनर ती वाचते आणि औषधाची चिठ्ठी जवळच्या फार्मसीत जाते.

लघवी न तपासता औषध देणं म्हणजे निष्काळजीपणा, असं आपल्या मंडळींना वाटतं. तसं नाही. २००२ साली जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. आग होते, वारंवार जावं लागतं आणि योनिमार्गातून स्राव किंवा खाज नाही, एवढं जुळलं की संसर्ग असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते, असं त्यात दिसलं. लघवीत बुडवायच्या पट्टीच्या तपासणीने या खात्रीत फारशी भर पडत नाही. उलट पट्टी जे नायट्राइट शोधते ते काही जंतू तयारच करत नाहीत, त्यामुळे पट्टी कोरी आली म्हणून संसर्ग नाही असं म्हणता येत नाही. कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर बाई बरी व्हायला लागलेली असते.

औषधं मोजकी आहेत : नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, ट्रायमेथोप्रिम-सल्फा तीन दिवस, नाहीतर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी. यातलं नायट्रोफ्युरँटॉइन अमेरिकेत १९५३पासून वापरात आहे. ते लघवीत भरपूर उतरतं, पण किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. म्हणूनच थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा उलट्या असतील तर ऑनलाइन फॉर्म बंद करून डॉक्टर गाठायचा. नायट्रोफ्युरँटॉइनची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लघवी तपकिरी झाली तर घाबरू नये. किडनीचं काम बरंच मंदावलं असेल किंवा जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर ही गोळी चालत नाही, आणि ही कमतरता भारतातल्या काही समाजांत आढळते, तेव्हा ठाऊक असेल तर सांगावं.

ज्यासाठी हा भाग लिहायला घेतला, ते आता सांगतो. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला किंवा नागपूरला जायचं, जानेवारीत परत यायचं, आणि आठवड्याभरात जळजळ सुरू झाली की फोनवर फॉर्म भरायचा, असं अनेक घरांत होतं. तो फॉर्म ज्या बाईला गृहीत धरून बनवला आहे, तिच्या आतड्यात मिनेसोटातले जंतू असतात. तुमच्या आतड्यात ते असतीलच असं नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे २,००० प्रवाशांचे नमुने प्रवासाआधी आणि नंतर तपासले गेले. तो अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक ईएसबीएल बनवणारे जंतू घेऊन परतले होते, म्हणजे अनेक नेहमीची प्रतिजैविकं निकामी करणारे जंतू. हे लोक आजारी नव्हते. जंतू आतड्यात नुसते राहायला आले होते, साधारण निम्म्यांचे महिन्याभरात गेलेही. पण ज्यांच्यात ते शिरले त्यांपैकी दर दहांतल्या एकाकडे वर्षानंतरही ते होते, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ते जाऊ शकतात हेही दिसलं.

म्हणून गेल्या काही महिन्यांत भारतात जाऊन आला असाल, किंवा भारतातून आलेले आईवडील घरी मुक्कामाला असतील, तर कोणी विचारो न विचारो, हे आपणहून सांगा आणि औषध सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर मागा. उपचार थांबवायचा नाही, नमुना देऊन लगेच गोळी सुरू करायची. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही दोन्ही या हट्टी ई. कोलायवर बऱ्याचदा चालतात. दोन दिवसांत फरक पडला नाही तर हातात कल्चरचा अहवाल असतो, नाहीतर पुन्हा अंदाजाने दुसरी गोळी सुरू होते.

आईच्या बॅगेतल्या औषधांच्या पिशवीबद्दलही बोलायला हवं. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनच्या अर्ध्या पट्ट्या तिथून ‘असू देत’ म्हणून येतात. इथला प्रवासी विमा किती देईल याची खात्री नसते, म्हणून त्या येतात. ही भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण या जातीच्या औषधांनी टाचेमागची कंडरा (टेंडन) तुटू शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २००८मध्ये त्यांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २०१६मध्ये सांगितलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गात ती देऊच नयेत. शिवाय भारतातले ई. कोलाय याच औषधांना फार मोठ्या प्रमाणात सरावले आहेत. म्हणजे जोखीम घ्यायची आणि गुण येईलच याचा भरवसा नाही. त्याच पिशवीत जळजळ शमवणारं सिट्रेटचं गोड सरबत असतं. त्याने बरं वाटतं, पण लघवी अल्कधर्मी झाली की नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर कमी होतो, तेव्हा ही दोन्ही एकत्र घेऊ नयेत.

पाण्याबद्दल मात्र आज्यांचं बरोबर होतं. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० तरुण बायकांचा अभ्यास २०१८मध्ये आला. रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलेल्यांना वर्षभरात संसर्ग कमी वेळा झाले. मिनेसोटाच्या हिवाळ्यात तहान लागत नाही, म्हणून तेव्हा जाणीवपूर्वक प्यावं लागतं. पाळी थांबलेल्या बायकांना पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन मलमाबद्दल विचारावं. संकोचापोटी हे विचारायचं राहून जातं आणि वर्षानुवर्षं प्रतिजैविकं चालू राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि शेवटी ‘पस सेल्स’, म्हणजे लघवीत दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी. भारतातल्या संपूर्ण तपासणीच्या पॅकेजात रुटीन युरिन असतंच, आणि ‘पस सेल्स ८ ते १०’ वाचून घर हादरतं. सत्तरीपुढच्या साधारण दहांतल्या एका तरी बाईच्या लघवीत जंतू असतात. आग नाही, ताप नाही, वारंवार जाणं वाढलेलं नाही, तर तो आजार नव्हे आणि त्यावर औषध द्यायचं नसतं. लघवीला वास येतो किंवा रंग गडद आहे एवढ्यानेही नाही. सासूबाई अचानक गोंधळल्यासारख्या वागत असतील तर डॉक्टरकडे जरूर न्यावं, पण लघवीचा अहवाल पाहून तिथेच थांबू नये. पाणी कमी पडलंय का, नवी गोळी सुरू झालीय का, लांबच्या प्रवासाने झोप बिघडलीय का, हे डॉक्टरला तपासू द्यावं.

लक्षणं नसताना सापडलेल्या जंतूंवर उपचार करावा लागतो तो मुख्यतः दोघांना : मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणाऱ्यांना आणि गर्भवतींना. गर्भवतींसाठी औषधंही वेगळी लागतात. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.