विद्यापीठांची मापे (भाग ७) : आत येतानाचे गुण, बाहेर पडतानाचे गुण

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले. त्याआधी दयानंद, संगमेश्वर, वालचंद या महाविद्यालयांतली मुले शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा देत. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना पेपर एकच असे. एका कागदासाठी कोल्हापूर गाठायचे म्हणजे दिवस मोडायचा, त्यामुळे स्वतंत्र विद्यापीठाची मागणी रास्तच होती. पण वेगळे होताना तुलनेचे एक साधन हातचे गेले, याची फारशी चर्चा झाली नाही. आज केगावचा, म्हणजे सोलापूर विद्यापीठाचा, आठ सीजीपीए आणि कोल्हापूरचा आठ सीजीपीए यांत जास्त शिकलेला कोण, हे सांगता येत नाही. अभ्यासक्रम वेगळा, पेपर काढणारे वेगळे, तपासणारेही वेगळे. तरीही दरवर्षी क्रमवारी लागते आणि पालक ती वाचून मुलाला पुण्याला पाठवायचे की नाही ते ठरवतात.

क्रमवारी म्हणजे मुख्यतः केंद्र सरकारची एनआयआरएफ, २०१६ पासूनची. २०२४ पासून तिच्यात राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांचा वेगळा गट आहे आणि त्या पहिल्या यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिसरे होते. अध्यापन व साधने आणि संशोधन यांना प्रत्येकी ३० टक्के, पदवीनंतरच्या फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १० टक्के वजन आहे. यातल्या ‘फलिता’त किती जणांनी ठरल्या मुदतीत परीक्षा पार केली आणि किती जणांना पीएच.डी. मिळाली हे पाहिले जाते. म्हणजे पेपर विद्यापीठाचा, तपासणी विद्यापीठाची आणि त्या निकालाचे श्रेयही विद्यापीठालाच. मुलाला काय येते, हे बाहेरून कोणी तपासतच नाही.

मग सगळ्यांना एकच परीक्षा घ्यावी, हा सरळ उपाय वाटतो. पण नुसत्या शेवटच्या गुणांवर विद्यापीठे लावली, तर पुणे वर आणि सोलापूर खाली येणार हे परीक्षेआधीच सांगता येईल. बारावीला नव्वद टक्के मिळवलेला मुलगा जिथे जाईल तिथे पुढेच राहतो. त्यात विद्यापीठाचे कर्तृत्व किती? आळंदीहून निघालेला वारकरी आणि मंगळवेढ्याहून निघालेला, दोघेही पंढरपुरात पोहोचतात, म्हणून दोघांची चाल सारखी ठरत नाही. अक्कलकोटकडचा घरी कन्नड बोलणारा मुलगा किंवा सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगाराची तेलुगू बोलणारी मुलगी जिथून सुरुवात करते, तिथून तिला किती पुढे नेले, हे मोजले पाहिजे. ब्राझीलने हे करून पाहिले आहे. तिथे २००४ पासून पदवीच्या शेवटी ‘एनाडे’ ही राष्ट्रीय परीक्षा होते. त्याच विद्यार्थ्याचे शाळा संपतानाच्या परीक्षेतले गुण घेऊन त्यावरून अपेक्षित गुण काढतात आणि प्रत्यक्षातले गुण त्याहून किती वर किंवा खाली गेले, ते अभ्यासक्रमाच्या नावावर मांडतात. आपल्याकडे यातला पहिला आकडा तयार आहे. बारावीची प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते. सोलापूर तर पुणे, अहिल्यानगर यांच्यासोबत एकाच विभागीय मंडळात आहे. कमी आहे ती शेवटच्या टोकाच्या सामाईक परीक्षेची. सेट परीक्षा राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचे पदव्युत्तर विद्यार्थी देतात खरे, पण ती प्राध्यापक होऊ पाहणारेच देतात आणि उत्तीर्णांचे प्रमाण आधीच सहा टक्क्यांवर बांधलेले असते. तिच्यावर विसंबून भागणार नाही.

यावर पहिली हरकत कॉपीची. बारावीच्या परीक्षा केंद्रावर कॉपी चालली तर सुरुवातीचा आकडा फुगतो आणि पुढची प्रगती उगाच कमी दिसते. हरकत खरी आहे, आणि सगळ्यांत जड हीच आहे; संशयास्पद केंद्रांचे गुण हिशेबातून काढावे लागतील. दुसरी, सामाईक परीक्षा आली की गल्लोगल्ली तिचे क्लास निघतील. गुण पदवीवर न छापता फक्त विद्यापीठाच्या हिशेबात धरले तर क्लासला गिऱ्हाईक मिळणार नाही. अर्थात मग मुले मनावर घेणार नाहीत. ब्राझीलमध्ये निषेध म्हणून कोरे पेपर दिले गेले आहेत. दोन्हींतली एक अडचण पत्करावीच लागेल, आणि कोऱ्या पेपरांची अडचण मला परवडणारी वाटते, कारण कोरा पेपर निदान ओळखू येतो.

आता दुसरे माप, विद्यार्थ्यांचे समाधान. महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने २०१७ मध्ये आणलेल्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे. त्यातला पहिलाच प्रश्न असा, की वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला? पर्याय ८५ ते १०० टक्क्यांपासून ३० टक्क्यांखालपर्यंत. उत्तर देणारा अजून तिथेच शिकतो आहे, निकाल त्याच संस्थेच्या हातात आहे, आणि चांगली श्रेणी मिळाली तर त्याच्याच गुणपत्रिकेला वजन येणार आहे. तो काय भरेल हे सांगायला नको. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कोणाला कोणता शिक्षक मिळणार हे चिठ्ठीसारखे ठरते आणि परीक्षा सगळ्यांना एकच. ज्या शिक्षकांना विद्यार्थ्यांनी वरचे गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या विषयात चमकले, पण त्यावर आधारलेल्या पुढच्या विषयात मागे पडले. खूश असणे आणि शिकणे यांतली ही फट वर्ग चालू असताना दिसत नाही.

म्हणून समाधान विचारायचे ते पदवी घेतल्यानंतर चार-पाच वर्षांनी. सोलापूरची मुले तोवर हिंजवडीत असतील, चाकणला असतील किंवा एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हिशेब सांभाळत असतील, आणि तिथे त्यांच्या शेजारी पुण्याचा नि कोल्हापूरचा पदवीधर बसलेला असेल. तुलना त्यांना आपोआप होते. ‘समाधानी आहात का’ हे न विचारता, काय येत नसल्याने अडले, कोणता विषय नव्याने शिकावा लागला, हे विचारावे. अपेक्षाच कमी असलेला पदवीधर लवकर समाधान मानतो, ही अडचण अशा प्रश्नांनी बरीच कमी होते.

शेवटची हरकत अशी, की ही सगळी मांडणी मागे पडलेल्या विद्यापीठाला पळवाट देते. तसे नाही, प्रगतीचा आकडा सोलापूरच्या विरोधातही जाऊ शकतो. बारावीला सारखेच गुण असलेली मुले केगावपेक्षा कोल्हापुरात पुढे गेली असे निघाले, तर मुलांच्या पार्श्वभूमीकडे बोट दाखवता येणार नाही. तेव्हा रिक्त प्राध्यापकपदे आणि तासिका तत्त्वावर चालणारे विभाग यांचा हिशेब मागावा लागेल, आणि त्यातला बराचसा केगावात नव्हे, मंत्रालयात.