सम्राटाच्या पुढे बसणारा माणूस

रशियाच्या सांस्कृतिक इतिहासात अलेक्सांद्र फ्योदोरोविच लाब्झिन हे नाव बहुधा एका वाक्यापुरतेच उरले आहे. सेंट पीटर्सबर्गच्या कलाअकादमीच्या सभेत त्याने ते उच्चारले आणि त्यापायी तो हद्दपार झाला. हर्झेनने आपल्या आत्मचरित्रात हा किस्सा नोंदवल्यामुळे तो जगभर पोहोचला. किस्सा चटकदार आहे, म्हणूनच तो त्या माणसाला झाकून टाकतो. त्या वाक्यामागचे आयुष्य जरा उलगडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लाब्झिनचा जन्म 1766 साली मॉस्कोत झाला. तिथल्या विद्यापीठात शिकताना प्राध्यापक श्वार्त्स आणि प्रकाशक निकोलाय नोविकोव यांच्या वर्तुळाशी त्याचा संबंध आला. ही मंडळी फ्रीमेसन होती. माणसाने आधी स्वतःला आतून घडवावे आणि त्यासाठी पुस्तके छापावीत, वाटावीत, असा त्यांचा ध्यास होता. पुढे 1792 मध्ये कॅथरीन महाराणीने नोविकोवला तुरुंगात डांबले. लाब्झिन तोवर पीटर्सबर्गला येऊन सरकारी नोकरीत स्थिरावला होता. ही नोकरी होती टपाल खात्याच्या गुप्त विभागात, जिथे लोकांची पत्रे उघडून वाचली जात. ज्यांच्या गुरूंवर सरकारची करडी नजर होती, तो शिष्य सरकारसाठी परक्यांची पत्रे वाचत होता. लाब्झिनच्या चरित्रातली ही विसंगती मला महत्त्वाची वाटते, कारण ती पुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते.

त्याआधी, 1787 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने बोमार्शेच्या ‘फिगारोचे लग्न’ या फ्रेंच नाटकाचे रशियन भाषांतर प्रसिद्ध केले होते. या नाटकातला नोकर आपल्या सरदार मालकाला मनातल्या मनात विचारतो, की जन्माला येण्याखेरीज तुम्ही असे केलेत तरी काय? हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा.

1799 मध्ये लाब्झिन कलाअकादमीचा ‘कॉन्फरन्स सेक्रेटरी’ झाला. 1757 साली स्थापन झालेली ही संस्था चित्र, शिल्प आणि वास्तुकला शिकवी, पदव्या देई आणि दरबाराची कामेही मिळवून देई. सभांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, अहवाल हे सगळे सेक्रेटरीकडे असे. अध्यक्ष हा दरबारातला मोठा माणूस, पण रोजचा गाडा सेक्रेटरीच हाकी. 1811 मध्ये अध्यक्ष स्त्रोगानोव वारल्यावर सहा वर्षे ते पद रिकामेच राहिले. त्या काळात सेक्रेटरीचे वजन किती असेल, याची कल्पना करता येते. 1818 मध्ये लाब्झिन उपाध्यक्ष झाला.

या कारकुनीच्या समांतर त्याचे दुसरे आयुष्य चालू होते. 1800 मध्ये त्याने ‘मरणासन्न स्फिंक्स’ नावाचे मेसनिक मंडळ काढले. चित्रकार बोरोविकोव्स्की आणि वास्तुशिल्पी विटबेर्ग त्यात होते. युंग-श्टिलिंग, एकार्ट्सहाउझेन अशा जर्मन गूढवादी लेखकांना त्याने रशियनमध्ये आणले. 1806 मध्ये ‘सियोन्स्की वेस्तनिक’ म्हणजे ‘सियोनचा वार्ताहर’ हे मासिक सुरू केले. बाह्य कर्मकांडापेक्षा अंतःकरणातला धर्म खरा, हा त्याचा सूर. नऊ अंकांनंतर ते बंद पाडण्यात आले.

नेपोलियनच्या पराभवानंतर सम्राट पहिला अलेक्झांडर स्वतःच गूढवादाकडे वळला आणि वारे फिरले. 1816 मध्ये लाब्झिनला ग्रंथप्रकाशनाबद्दल मानाचे पदक मिळाले, 1817 मध्ये मासिक पुन्हा निघाले. धर्म आणि शिक्षण ही दोन्ही खाती सांभाळणारा मंत्री गोलित्सिन त्याच्या पाठीशी होता. परंतु सनातनी धर्मगुरूंचा विरोध वाढला, मासिक चर्चच्या सेन्सॉरकडे सोपवले गेले आणि 1818 मध्ये लाब्झिनने ते बंद केले. सम्राटाच्या मर्जीने मिळालेले मर्जी ओसरताच गेले.

आता त्या सभेकडे वळू. 1822 च्या सप्टेंबरमध्ये अकादमीचे मानद सभासद निवडायचे होते. हर्झेनच्या कथनात फक्त अराक्चेयेवचे नाव येते. इतरत्र अर्थमंत्री गुर्येव आणि गृहमंत्री कोचुबेय यांचीही नावे सापडतात. अराक्चेयेव हा तोफखान्याचा आणि लष्करी वसाहतींचा कर्ता, सम्राटाचा उजवा हात. कडक दंडेलीला रशियन भाषेत त्याच्याच नावावरून शब्द पडला. या गृहस्थांनी कलेसाठी काय केले, असे लाब्झिनने विचारले. ते सम्राटाच्या निकटचे आहेत, असे उत्तर आले. मग इल्या बायकोवलाही घ्या, लाब्झिन म्हणाला. तो सम्राटाच्या नुसता निकटचा नाही, त्याच्या पुढ्यात बसतो. बायकोव हा सम्राटाचा गाडीवान.

पस्तीस वर्षांपूर्वी भाषांतरलेल्या फिगारोचाच हा प्रश्न आहे, असे मी म्हणेन. तुम्ही काय केलेत? फरक एवढाच, की फिगारो तो एकांतात बोलतो आणि लाब्झिनने तो भर सभेत विचारला.

उत्तर देणारे अध्यक्ष अलेक्सेय ओलेनिन हे काही अडाणी नव्हते. ते सार्वजनिक ग्रंथालयाचे संचालक होते, पुराणवस्तूंचे जाणकार होते, हौशी चित्रकार होते. संस्थेला निधी हवा, संरक्षण हवे, म्हणून बड्या नावांना मान द्यायचा, हा व्यवहार त्यांना कळत होता. म्हणूनच हा प्रसंग सज्जन आणि दुर्जन यांच्यातला सामना म्हणून वाचू नये. संस्था जगवणारा शहाणपणा आणि संस्थेचा अर्थ विचारणारा प्रश्न यांच्यातली ती ठिणगी होती.

विनोदात गाडीवान हीन ठरतो, हा आक्षेपही तपासायला हवा. याच अकादमीने वोरोनिखिन या भूदास म्हणून जन्मलेल्या वास्तुशिल्पीला आपल्यात घेतले होते. कझान कॅथेड्रल त्याचेच. म्हणजे जन्माने खालचा माणूस तिथे येऊ शकत होता, पण काम दाखवून. लाब्झिनची अट तीच होती. ती त्याने मंत्र्यांनाही लावली, इतकेच.

गव्हर्नर-जनरल मिलोरादोविचने प्रकरण वर कळवले. सम्राट त्या वेळी युरोपच्या दौऱ्यावर होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेसनिक मंडळांवर बंदी आलेली होती, त्यामुळे लाब्झिनला वाचवायला कोणी उरले नव्हते. नोकरी गेली आणि ऐन थंडीच्या तोंडावर त्याला व्होल्गाकाठच्या सेंगिलेय गावी धाडण्यात आले. नंतर सिम्बिर्स्कला राहायची परवानगी मिळाली. तिथेच 1825 च्या जानेवारीत तो वारला.

त्याच्यासोबत गेली ती पत्नी आन्ना. तिचे पहिले लग्न लहानपणीच लिनियसचा शिष्य असलेल्या शास्त्रज्ञ कारामिशेवशी झाले होते. त्या संसाराचे दुःख तिने 1810 मध्ये आठवणींत लिहून ठेवले. या आठवणी विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेल्या. लाब्झिनची भाषांतरे आज फारसे कोणी वाचत नाही, पण आन्नाचे ते लेखन अभ्यासक आवर्जून वाचतात.

लाब्झिन करारी होता आणि हुकूमत गाजवणाराही होता, असे जवळच्यांनी लिहिले आहे. पत्रे फोडणाऱ्या कचेरीत तो बसला, सम्राटाच्या सावलीत मोठा झाला. त्याला निर्भेळ वीर ठरवण्याचा मोह मी म्हणूनच टाळतो. परंतु सत्तेशी असलेली जवळीक म्हणजे काय, हे त्याच्याइतके त्या सभेत कोणाला कळत असेल? ती त्याने भोगली होती, गमावलीही होती. अनुभवाने शहाणी झालेली माणसे सहसा गप्प बसतात. हा बोलला.

1825 च्या अखेरीस सम्राट तागानरोग इथे वारला. त्याचे शव उत्तरेकडे नेणाऱ्या गाडीवर इल्या बायकोवच बसला होता. मंत्र्यांची मर्जी आणि पदे तोवर बदलू लागली होती. सम्राटाच्या पुढे बसणारा माणूस मात्र अखेरपर्यंत आपले काम करत राहिला.